ताट वेगळं, टाकी एकच

काविळीचा रिपोर्ट हातात पडला त्याच संध्याकाळी सासूबाईंनी माझं ताट, वाटी, पेला बाजूला काढला. रागाने नाही, काळजीनेच. ओळखू यावा म्हणून पेल्याला लाल दोरा बांधला, टॉवेल वेगळ्या खिळ्यावर टांगला आणि माझ्या मुलाला बजावलं, आईच्या पांघरुणात शिरायचं नाही. मग ओट्यावरच्या माठातलं पाणी सगळ्यांना दिलं. मलाही, माझ्या दोरा बांधलेल्या पेल्यात. पाणी तेच, खालच्या टाकीतलं.

माणसापासून सगळे सावध आणि पाण्यापासून कोणीच नाही, असा तो प्रकार होता. आमच्या घरातच नाही, अख्ख्या सोसायटीत तो बराच काळ चालला.

आम्ही ठाण्याला वर्तकनगरमध्ये राहतो. जुनी, चार मजली, लिफ्ट नसलेली सोसायटी. तीन इमारती. एक नंबर आणि दोन नंबर आधीच्या, त्या दोघींना मिळून जमिनीखाली एक टाकी. तीन नंबर मागाहून बांधली, तिची टाकी निराळी. वाचायला हे कंटाळवाणं आहे, पण पुढचा सगळा गुंता सुटला तो यावरूनच. घरात सासूबाई, आम्ही तिघं, दीर आणि धाकटी जाऊ. जाऊ तेव्हा सातव्या महिन्यात होती.

सुरुवात श्रावणात झाली. फोडणीचा वास आला की पोटात ढवळायचं. बारीक ताप, सांधे दुखतायत, जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर टेकावंसं वाटतंय. पावसाळी ताप म्हणून चाललं होतं. मग लघवी कोऱ्या चहासारखी व्हायला लागली आणि अंगाला खाज सुटली. ऑफिसातल्या मैत्रिणीने मला खिडकीशी नेलं, पापणी खाली ओढून बघितलं आणि म्हणाली, "सरळ घरी जा, वाटेत डॉक्टरांकडे." ट्यूबलाइटच्या उजेडात डोळ्यांचा पिवळेपणा कळत नाही, दिवसाउजेडी लगेच दिसतो, हे तेव्हा कळलं.

डॉक्टरांनी पोट चाचपलं, उजव्या बरगडीखाली दाबल्यावर मी कळवळले. त्यांनी लिव्हरच्या नेहमीच्या तपासण्या लिहिल्या: बिलिरुबिन, एसजीपीटी, एसजीओटी. त्यांच्यासोबत पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते. लिव्हर खरोखर दमलंय की नाही हे त्यावरून कळतं. बिलिरुबिनचा आकडा बघून घाबरतात सगळे, पण डॉक्टरांचं लक्ष आयएनआरवर असतं. मग त्यांनी विचारलं, "घरात कोणी गरोदर आहे का?" मी हो म्हटल्यावर त्यांनी कागद परत ओढला आणि आणखी चार ओळी लिहिल्या, विषाणूंमुळे होणाऱ्या काविळीच्या, म्हणजे हिपॅटायटिसच्या, चार प्रकारांसाठी: बीसाठी ऑस्ट्रेलिया अँटिजेन, सीची चाचणी, आणि ए आणि ई या दोन्हींची आयजीएम, म्हणजे ताजी लागण दाखवणारी चाचणी.

लॅबमध्ये पैसे भरताना नवऱ्याने मला विचारलं तेच मीही डॉक्टरांना नंतर विचारलं. कावीळ आहे हे दिसतंच आहे, ए असो की ई, औषध तर दोन्हींना नाही. मग एवढ्या तपासण्या कशाला? ते म्हणाले, "तुमच्यासाठी नाहीत, तुमच्या जाऊबाईंसाठी आहेत." एकट्यादुकट्या पेशंटला ते स्वतःही ईची तपासणी सांगत नाहीत, कारण त्याने उपचार बदलत नाहीत आणि पेशंटचा खिसा मात्र रिकामा होतो. बहुतेक डॉक्टर असंच करतात. काविळीचा माणूस महिना-दीड महिन्यात बरा होतो, कामाला लागतो, आणि त्याला ए झाली होती की ई, हे कोणाच्याच वहीत येत नाही.

माझं बिलिरुबिन नऊच्या वर, एसजीपीटी चार आकडी, आयएनआर सुदैवाने ठीक. बी नाही, सी नाही, ए नाही. ई आहे.

घरी पडून राहायचं होतं. भूक नाही, झोप वेळीअवेळी, हातात फोन. वाचत गेले. हा आजार दुर्मिळ असेल असं मला नाव ऐकून वाटलं होतं. तसं मुळीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा अनेक वर्षं दिला गेलेला अंदाज असा, की जगात दरवर्षी सुमारे दोन कोटी लोकांना ईचा संसर्ग होतो आणि त्यातल्या ३३ लाखांच्या आसपास लोकांत लक्षणं दिसतात. बाकीच्यांना कळतही नाही. २०१५ सालातले मृत्यू त्यांनी ४४ हजारांच्या घरात धरले होते. यातला मोठा वाटा दक्षिण आणि पूर्व आशियाचा, म्हणजे आपलाच.

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेचं काम वाचताना मी उठून बसले. त्यांनी पुण्यातल्या लोकांचं १९८२ सालचं आणि १९९२ सालचं रक्त तपासून बघितलं होतं. ए काविळीच्या खुणा बहुतेकांच्या रक्तात लहानपणीच उमटलेल्या. ईचं उलट. लहान मुलांत अगदी थोड्या, मग विशी-तिशीकडे जाताना वाढत वाढत मोठ्या माणसांत साधारण तिघांतल्या एकाच्या रक्तात. त्या लोकांपैकी कितीजणांना आपल्याला कधी कावीळ झाली होती हे आठवत असेल? फारच थोड्यांना. म्हणजे हा विषाणू आपल्यात मुक्कामाला आहे. पाहुणा म्हणून आलेला नाही. एखाद्या गावात पाणी बिघडलं की एकाच वेळी शेकडो लोक पिवळे पडतात, तेव्हा पेपरात बातमी येते, इतकंच. २०१२ साली इचलकरंजीत तसंच झालं होतं, २०१५-१६ला सिमल्यात.

आणि हा आजार ओळखायला माणसाला इतका वेळ लागला याचं मला फार नवल वाटलं. दिल्लीत १९५५-५६च्या हिवाळ्यात सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. पुरानंतर यमुनेचा प्रवाह हलला आणि नजफगढ नाल्याचं सांडपाणी वझिराबादला जिथून शहराचं पाणी उचलत होते तिथे पोचलं. पाणीखात्याने क्लोरिन वाढवलं. त्यामुळे टायफॉइड, हगवण वाढली नाही, म्हणजे जिवाणू मेले. कावीळ मात्र पसरली. त्या वेळी सगळ्यांनी ती ए समजली. पुढे १९७८मध्ये काश्मीर खोऱ्यात तशीच साथ आली, तिथे डॉ. महंमद सुलतान खुरू यांच्या लक्षात आलं की ही नेहमीची कावीळ नाही, बायका गरोदरपणात दगावतायत आणि रक्तात ताज्या ए काविळीच्या खुणा नाहीत. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मिखाइल बालायान नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने तर अफगाणिस्तानातल्या आजारी सैनिकांच्या विष्ठेतला अंश स्वतः पिऊन कावीळ करून घेतली आणि मग स्वतःच्याच विष्ठेत इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली विषाणू शोधला. हे मी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की जेवणाच्या वेळी असलं वाचू नये.

जेवण म्हणजे तरी काय होतं! काविळीचं पथ्य या विषयावर आपल्याकडे प्रत्येकाला डॉक्टरेट आहे. हळद बंद, तेल बंद, तूप बंद, मीठ कमी. मुळ्याच्या पाल्याचा रस, उसाचा रस, फुटाणे, ताक. माझ्या मावससासूबाईंनी बदलापूरहून काविळीची माळ पाठवली. ती गळ्यात घातली की लांबत जाते आणि पायांपर्यंत गेली की कावीळ उतरली. माळ खरोखर लांबते, कारण काड्यांना बांधलेला दोरा सैल पडत जातो. ती मी घातली, मनं कशाला दुखवा. हातावर चुन्याचं पाणी घेऊन 'उतरवून' देणारे एक गृहस्थ कळव्याला आहेत, तिथे मात्र गेले नाही. आणि कोणीतरी आणलेली पुडी उघडलीही नाही, कारण डॉक्टरांनी एकाच गोष्टीवर आवाज चढवला होता: "दमलेल्या लिव्हरवर अनोळखी औषध नको. तापाची गोळीसुद्धा मला विचारून."

पथ्याबद्दल ते उलट सैल होते. जे जाईल ते खा, थोडं थोडं खा, सकाळी मळमळ कमी असते तेव्हा पोटभर खा. हळदीने डोळे पिवळे होत नाहीत. तुपाने लिव्हर बिघडत नाही, नकोसं वाटत असेल तर घेऊ नका. दारू नाही. हा शेवटचा मुद्दा आमच्या घरात गैरलागू. रस्त्यावरचा उसाचा रस मात्र कशाला? त्यात पडणारा बर्फ कुठल्या पाण्याचा आहे, हे त्या रसवाल्यालाही ठाऊक नसतं. लक्ष ठेवायचं ते वेगळ्याच गोष्टींवर: उलट्या थांबत नाहीत, दिवसा गुंगी येतेय, बोलणं असंबद्ध होतंय, हिरड्यांतून रक्त येतंय. असं काही दिसलं तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, हॉस्पिटल.

आता जाऊबद्दल. इतर लोकांत ईची कावीळ बहुधा आपली आपण बरी होते, दगावणारे शंभरात एखाददुसरे. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हाच विषाणू इतका आडदांड होतो, की लागण झालेल्या बायकांपैकी पाचांत एक ते चारांत एक इथपर्यंत मृत्यू नोंदले गेले आहेत. हे वाक्य वाचल्यावर मी फोन पालथा ठेवला आणि दिराला आत बोलावलं. जाऊला लगेच काही सांगितलं नाही, पण तिला कळायचं राहिलं नाही; तिने माझ्या आधीच वाचलं होतं.

तिला ताबडतोब माहेरी साताऱ्याला पाठवावं असं सगळ्यांचं मत पडलं. कारण? "वहिनीची कावीळ तिला लागेल." डॉक्टरांनी ते कारण खोडून काढलं आणि पाठवणं मात्र मान्य केलं. ते असं: ईचा विषाणू रोग्याच्या विष्ठेतून बाहेर पडतो, लक्षणं दिसायच्या थोडं आधीपासून ते पुढे तीन-चार आठवडे. तो दुसऱ्याच्या तोंडात जायला हवा. घरात हे हातांवाटे होऊ शकतं, पण ईच्या बाबतीत फार कमी होतं. घरातल्या दुसऱ्याला लागण व्हायचं प्रमाण शंभरात एक-दोन. ए कावीळ घरात यापेक्षा कितीतरी सहज पसरते. खोकल्याने, शेजारी झोपल्याने, एका ताटात जेवल्याने ई पसरल्याचं दिसत नाही. मी साबणाने हात धुवायचे, संडास साफ ठेवायचा आणि काही दिवस स्वयंपाकाला हात लावायचा नाही, एवढं पुरे. "घरात दोघांना एकाच वेळी झाली तर एकाने दुसऱ्याला दिली असं समजू नका. दोघांनी एकच पाणी प्यायलं असं समजा," हे त्यांचं वाक्य. आणि जाऊने इथलं पाणी आधीच प्यायलेलं होतं. ती साताऱ्याला गेली तरी धोका सोबत घेऊनच जाणार होती. फक्त त्यात रोज नवी भर पडायची थांबणार होती. आजार उमटायला दोन ते दहा आठवडे लागतात, सरासरी पाच-सहा. म्हणजे दहा आठवडे सगळ्यांनी जीव मुठीत धरून बसायचं.

ती गेली. तिकडे मोठं हॉस्पिटल जवळ होतं, ते बघूनच डॉक्टर हो म्हणाले. ठरावीक अंतराने लिव्हरच्या तपासण्या करायच्या हे तिथल्या डॉक्टरांनी मान्य केलं.

दहा आठवडे हा आकडा माझ्या डोक्यातून जाईना. सगळे मला विचारत होते काय खाल्लं होतंस, आणि मीही आठवत होते ते आदल्या आठवड्यातलं: स्टेशनबाहेरची पाणीपुरी, ऑफिसातल्या वाढदिवसाचा केक. पण माझं आजारपण श्रावणातलं असेल तर त्याचं मूळ जूनअखेर शोधायला हवं. जूनअखेरीला काय झालं होतं? मोठा पाऊस झाला होता, ठाण्यात सगळीकडे तुंबलं होतं आणि आमच्या घरगल्लीतला ड्रेनेजचा चेंबर भरून वाहत होता. सोसायटीच्या ग्रुपवर मागे जाऊन बघितलं. दोन नंबरमधल्या काकूंनी लिहिलं होतं, पाण्याला वास येतोय का कोणाच्या? त्याखाली 'पावसाळ्यात येतोच' आणि दोन हात जोडलेल्या खुणा. विषय संपलेला.

मग मी ग्रुपवरच विचारलं, आणखी कोणाला कावीळ झालीये का. कोणीही उत्तर दिलं नाही. कावीळ सांगायला लोक का लाजतात, हे मला अजून नीट उमगलेलं नाही. एकेकाला स्वतंत्र फोन केल्यावर मात्र धाडधाड नावं निघाली. दोन नंबरमधला चौथ्या मजल्यावरचा मुलगा माझ्याही आधी, जुलैअखेर आजारी पडला होता. गटारी नुकतीच झालेली, त्यामुळे जिन्यात सगळ्यांनी निष्कर्ष काढून ठेवला होता. तो बिचारा सुपारीसुद्धा खात नाही. एकीचं लग्न ठरत होतं म्हणून घरच्यांनी 'टायफॉइड' सांगितलं होतं. एका कुटुंबात नवराबायको दोघं, आणि दोघं एकमेकांना दोष देत होते. पडल्यापडल्या मी मुलाच्या चित्रकलेच्या वहीत इमारतींचे चौकोन काढले आणि प्रत्येक पेशंटच्या खिडकीवर ठिपका दिला. एक नंबरमध्ये ठिपके, दोन नंबरमध्ये ठिपके, तीन नंबर कोरी. सगळे ठिपके विशी ते चाळिशीतले. पोरं खणखणीत. पाणी तर तीही तेच पीत होती. पण लहानपणी लागण झाली तरी बहुधा लक्षणं दिसत नाहीत, हे तोवर माझं वाचून झालं होतं.

त्या वहीचा फोटो घेऊन नवरा सेक्रेटरींकडे गेला आणि सेक्रेटरी पालिकेच्या आरोग्य केंद्रात. दुसऱ्याच दिवशी दोन आशाताई आल्या, घरोघर फिरल्या. त्यांचा पहिला प्रश्नही गरोदर बाया कोण, हाच होता. त्यांनी क्लोरिनच्या गोळ्या वाटल्या आणि दोन-तीन जणांच्या रक्ताचे नमुने घ्यायची व्यवस्था केली. पाण्यासाठी पाणीखात्याचा माणूस आला. त्याच्याकडे छोटी काचेची नळी आणि एक बाटली. ओटी टेस्ट म्हणतात तिला, ऑर्थोटोलिडीन. पाण्यात थेंब टाकायचे. क्लोरिन शिल्लक असेल तर पाणी पिवळं होतं. नळाला येणाऱ्या पाण्यात लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन उरलेलं हवं. त्याने आधी रस्त्याकडेच्या मीटरपाशी पाणी घेतलं: छान पिवळं. मग तीन नंबरच्या टाकीतलं: फिकट, पण पिवळं. मग आमच्या टाकीतलं. थेंब टाकले, नळी हलवली, उजेडात धरली. त्या महिन्यात आमच्या इमारतींत जे पिवळं व्हायला हवं होतं ते एकच, आणि तेवढंच पांढरं राहिलं.

त्याने जे समजावलं ते मला कोणत्याही लेखापेक्षा चांगलं कळलं. ठाण्याला भातसा आणि उल्हास नद्यांचं पाणी येतं, पालिकेच्या स्वतःच्या योजनेतून, स्टेम या पाणीपुरवठा कंपनीकडून, एमआयडीसीकडून, थोडं मुंबई पालिकेकडून. ते शुद्ध करून, क्लोरिन घालूनच येतं. आमच्या मीटरपर्यंत ते चांगलं होतं. मीटर ते टाकी या चाळीस-पन्नास फुटांत काहीतरी मिसळत होतं आणि क्लोरिन ती घाण मारण्यातच खर्ची पडत होतं. पाणी चोवीस तास येत असतं तर पाइपात सतत दाब राहिला असता आणि भोक असलं तरी पाणी बाहेर गळलं असतं. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळ येतं. ते बंद झालं की पाइप रिकामा होतो, दाब जातो, आणि भोकाभोवती जे असेल ते आत ओढलं जातं. सकाळी पाणी आलं की पहिला लोंढा ते सगळं घेऊन टाकीत.

प्लंबरने घरगल्लीत खणलं. लोखंडी जीआय पाइप, बहुधा इमारतीइतकाच जुना, चेंबरच्या भिंतीला चिकटून गेलेला. खालच्या बाजूने सडलेला, बोट आत जाईल एवढा. चेंबरला तडा. दोघांमधली माती काळी, ओली. प्लंबरने वर बघून फक्त "साहेब" एवढंच म्हटलं. सेक्रेटरींनी त्या रात्री जेवण केलं नाही असं त्यांच्या मिसेस सांगतात.

पाइप बदलला, तो चेंबरपासून लांबून, वरच्या पातळीने नेला. चेंबर नवा बांधला. टाकी उपसली, तळाचा गाळ पाहून पुष्कळांनी घरी आरओ बसवायचा निर्णय तिथेच उभ्या उभ्या घेतला. घासून धुतली, टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने भरून ठेवली, ते पाणी सोडून दिलं, पुन्हा भरली. गच्चीवरच्या टाक्यांचंही तसंच. रोज सकाळी ओटी. तोवर प्रत्येक घरात पिण्याचं पाणी खळखळून उकळायचं, आणि फक्त पिण्याचंच नाही. दात घासायचं, कोशिंबीर धुवायचंही. तुरटीने गाळ खाली बसतो, विषाणू मरत नाही. साध्या कँडलच्या फिल्टरमधूनही तो आरपार जातो, इतका बारीक असतो. हे मी जिन्यात इतक्यांदा सांगितलं, की मुलं मला उकळीकाकू म्हणायला लागली.

पाइप बदलून झाल्यावर एक नवीन पेशंट निघाला. मग आणखी दोन. सोसायटीची सभा भरली. एवढे पैसे खर्च केले, मग हे काय? एकाने प्लंबरला शिव्या दिल्या, एकाने कमिटीला. मी तोवर उठून बसण्याइतकी बरी झाले होते, खाली गेले आणि कॅलेंडर दाखवलं. आज जो पिवळा पडतोय त्याने पाणी गेल्या महिन्यात प्यायलंय. पाइप आज बदलला म्हणून कालचं पाणी पोटातून परत येत नाही. शेवटचा पेशंट नवरात्राच्या आसपास निघेल, त्याआधी कोणी पाइपाला बोल लावू नये. अर्ध्या लोकांना पटलं. उरलेल्यांनी वर्गणीचे पैसे नवरात्र उलटेपर्यंत अडवून धरले. घटस्थापनेनंतर एक जण निघाला, त्यानंतर कोणी नाही. मग पैसे आले.

कोणी मासे सोडले, कोणी अंडी. ईचे काही प्रकार डुकरांत आणि रानडुकरांत असतात आणि युरोपात कच्च्या-अर्धकच्च्या मांसातून माणसांत येतात हे खरं. आपल्याकडे माणसांत सापडतो तो मुख्यतः पहिला प्रकार, तो माणसाकडून पाण्यावाटे माणसाकडेच येतो. नीट शिजवलेल्या बांगड्याचा त्यात काही अपराध नाही. लस आहे का, हेही बऱ्याच जणांनी विचारलं. चीनमध्ये २०११ साली एका लशीला परवाना मिळाला, दक्षिण सुदानमध्ये बेंटिऊच्या छावणीत २०२२ साली ती साथीत वापरली गेली. आपल्या दवाखान्यांत ती मिळत नाही. बीची लस घेतलेली असली तर ती ईला उपयोगाची नाही.

जाऊच्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या. दहा आठवडे संपायला आणि तिचे दिवस भरायला जवळपास एकच गाठ पडली. दिवाळीच्या आधी मुलगी झाली. बारशाला जाताना सासूबाईंनी ठाण्याहून उकळून गार केलेलं पाणी बाटल्यांतून नेलं, साताऱ्याला. त्यांना कोणी काही बोललं नाही.

माघी गणपतीला आमच्या भागात मंडळाचं रक्तदान शिबिर असतं. मी नेमाने देते, म्हणून गेले. फॉर्मवर प्रश्न होताच: कावीळ झाली होती का? हो म्हटल्यावर तिथल्या डॉक्टरांनी पेन थांबवून विचारलं, "कुठली?" मी रिपोर्ट दाखवला. ए किंवा ई नक्की ठाऊक असेल तर बरं झाल्यापासून बारा महिने थांबायचं, मग पुन्हा देता येतं. कावीळ कसली होती हेच माहीत नसेल तर दात्याला कायमचं बाद धरतात, कारण ती बी किंवा सी असू शकते. त्यांनी मला पुढच्या वर्षी या म्हणून सांगितलं. माझ्यामागे रांगेत दोन नंबरमधला चौथ्या मजल्यावरचा मुलगा होता. त्याचा गट ओ निगेटिव्ह, आणि त्याच्या फाइलीत फक्त बिलिरुबिनचे कागद.